दमा कुणाकडचा

नाशिकरोड, १० जानेवारी २०२५

सौ. गोजराबाई विहीणबाईंना कुसाबाईचा रामराम. वि. वि.

फोनवर बोलले तर तुमची लेक सुवर्णा सगळं ऐकते, म्हणून पत्र. आपल्या वेदिकाला परत धाप लागली. छातीत पिपाणी वाजते. सहा वर्षांची नात आपली, जिना चढता चढता मधेच बसते.

त्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं ना, दोन्हीकडं दमा कुणाला हाय, आणि आपण दोघी एका सुरात नाय म्हणालो? परवा माझा योगेश परत गेला तर डॉक्टर म्हणाले, घराण्यात नाही तर रोजच्या पंपाची घाई नको.

विहीणबाई, मी खोटं बोलले. आमच्या मालकांना जन्मभर दमा होता. सुवर्णाला बघायला आलो तेव्हा ते खोकत गोठ्यामागं गेले, आणि मी मिरचीचा ठसका म्हणून सांगितलं. दवाखान्यात तुम्ही शेजारी बसलेल्या, मला वाटलं अजून स्थळच बघणं चाललंय.

फसवलं म्हणा. पण रागानं लेकीला न्यायला येऊ नका, भाजी मला एकटीला निवडावी लागेल.

लोभ उरला असला तर कळवा.

तुमची
कुसाबाई


सटाणा, १७ जानेवारी

गं. भा. कुसाबाईंना गोजराबाईचा नमस्कार. वि. वि.

उन्हाळ कांद्याची लागवड चालू हाय, म्हणून उशीर झाला. कसली मिरची? त्या दिवशी मी शिरा केला होता. तुमच्या मालकांना दमा हाय, हे मी तेव्हाच ओळखलं. गप्प बसले, कारण सुवर्णालाही दहा वर्षांची होईस्तोवर धाप लागायची. तुम्ही तिला चालून दाखव म्हणालात, तेव्हा मी मनात देवाला हात जोडले.

सासरी बोलू नको, असं मीच तिला बजावलं होतं. पोटच्या पोरीसाठीसुद्धा बोलली नाय, बघा. काल फोन करून तिला त्यातून मोकळं केलं.

राग नाय. आधी पोरीचं बघा.

गोजराबाई


नाशिकरोड, २४ जानेवारी

सौ. विहीणबाईंना रामराम. वि. वि.

काल सुवर्णासंगं दवाखान्यात गेले. रिक्षात आम्ही दोघी एकमेकींकडं बघेना. आत गेल्या गेल्या मोठ्यानं सांगितलं, "माझ्या मालकांना दमा होता." ते असताना हे मी कधी बोलले नव्हते. मग सुवर्णानं तिचं सांगितलं.

डॉक्टर म्हणाले, दमा असा एका घरून येत नाय. रक्तातून बारीक बारीक फरक येतात, थोडे इकडचे, थोडे तिकडचे, आणि धूर-धूळ त्यांना चेतवते. म्हणजे आपल्या भांडणाची सोयच गेली. पंप सुरू झाला. देवापुढचा धूप मी बंद केला.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाला अंगावर खाज, चट्टे? त्याचाही दम्याशी संबंध असतो म्हणे. माझ्या तोंडून पटकन निघालं, आमच्यात कुणाला नाय. सुवर्णा माझ्या कोपराकडं बघत राहिली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. शेवटी मी बाही वर केली.

येत्या गुरुवारी तुम्हाला बोलावलंय. काय काय लपवलंय ते एसटीत बसल्या बसल्या आठवून या.

माया कमी करू नका, तेवढी डॉक्टरांना सांगावी लागत नाय.

तुमची
कुसाबाई