सिंकपाशी बदललेल्या जोड्या

प्रिय बाबा,

हे पत्र आत्या तुम्हाला वाचून दाखवेल. आत्या, आवाज अडखळला तरी एकही वाक्य गाळू नकोस, आणि माझी बाजू सावरून घेऊ नकोस.

तुम्ही आत्याकडे राहायला गेलात, त्यानंतरची दुकानाची खबर आधी. वरच्या टाकीतल्या रॅम माशांच्या जोडीनं परवा चपट्या दगडावर अंडी घातली. दोघंही आळीपाळीनं परांनी त्यांच्यावर पाणी हलवत ठेवतात. आज सकाळी भिंगातून शेपट्या वळवळताना दिसल्या. जोडी तुमच्या पद्धतीनंच निवडली होती. पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब म्हणजे नर, असं गिऱ्हाइकांना वाटतं. तुम्ही म्हणायचात, पर कुरतडले जातात, पर खोटं बोलतात, पोट बोलत नाही. बोटाच्या दोन पेरांएवढा मासा, आणि मादीच्या पोटावर मसुरीएवढा गुलाबी डाग. तुम्ही मला स्टुलावर उभं करून तो पहिल्यांदा दाखवलात तेव्हा मी मोजायला पट्टी मागितली, आणि तेव्हापासून घरात मास्तरीण झाले. पुढे पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली, तर शेजारच्या चावीवाल्याला तुम्ही ऐकवलंत, "आता माशाला सर्दी झाली तरी रिपोर्ट येणार!"

गेल्या मार्चमध्ये शिंपीकाका आले होते, आठवतं? तुम्ही दिलेल्या जोडीनं दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा ती तिसऱ्या दिवशी पांढरी पडली. "नवरदेव जरा आळशी दिसतोय," म्हणाले. तुम्ही हसलात आणि पाणी बदलायला सांगितलंत. संध्याकाळी मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. नवरदेव नव्हताच. दोन्ही माद्या होत्या. दोन माद्या एकत्र राहिल्या तर त्याही जोडी जमवतात, अंडी घालतात, जिवापाड राखतात. ती फळत मात्र नाहीत. दुसऱ्या दिवशी मी एक मादी काढून नर सोडला आणि काकांना म्हटलं, बाबांना सांगू नका. ते म्हणाले, "अगं, मी सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारतो. मी कुणाला काय सांगणार!"

त्यानंतर तुम्ही पकडलेली प्रत्येक जोडी मी पिशवी बांधायच्या निमित्तानं मागे सिंकपाशी नेत असे. जोड्या आपण संध्याकाळीच द्यायचो, मी कामावरून आल्यावर, त्यामुळे एकही सुटली नाही. पिशवी दिव्यासमोर धरायची, चुकलेली असेल तर मागच्या टाकीतला मासा घालून बदलायची, ऑक्सिजन भरून रबर लावायचं. मार्चमध्ये दहांतली एक चुकत होती. जूनमध्ये तीन. ऑक्टोबरमध्ये पाच, म्हणजे डोळे मिटून काढल्या असत्या तरी तेवढ्याच. तुम्ही मान तिरकी करून डोळ्याच्या कडेनं टाकीत बघायला लागला होतात. तेही मला दिसत होतं. मी काय केलं, तर टाक्यांवर जास्त उजेडाचे दिवे बसवले. मला वाटायचं, मी तुमचा मान राखते आहे. खरं म्हणजे, सांगितल्यावर तुमचा चेहरा कसा होईल ते मला बघायचं नव्हतं.

मधूनमधून तुम्ही स्वतःच म्हणायचात की अक्षरं पुसट दिसतात. मग लगेच, "चष्म्याचा नंबर वाढला असेल. जोड्या तर चुकत नाहीत ना!"

नोव्हेंबरमध्ये दुकानाची पायरी तुम्हाला दिसली नाही आणि आपण डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दोन्ही डोळ्यांत पडद्याच्या मधोमध रक्त झिरपून व्रण झाले होते. कधीपासून कमी दिसतंय, असं त्यांनी विचारलं. तुम्ही ताठ बसलात. "अहो, गेल्या आठवड्यापर्यंत जोड्या लावत होतो. वर्षभरात एक परत आलेली नाही. विचारा हिला." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी एकटी पुन्हा गेले आणि त्यांना खरे महिने सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवलं. मार्च-एप्रिलमध्ये आणलं असतं तर इंजेक्शनं देऊन मधली नजर बरीचशी वाचली असती, म्हणाल्या. आता गेलेली परत येणार नाही.

काल आत्याचा फोन आला. गुरुवारी तुम्ही दुकान माझ्या नावावर करून देणार आहात. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगता आहात की नजर एकाएकी गेली, त्याला कोण काय करणार, पण पोरीनं कधी एका शब्दानं दुखवलं नाही. बाबा, नजर एकाएकी गेली नाही. ती आठ महिने जात होती आणि मी मोजत होते. पहिल्याच चुकीला तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही आपल्या पायांनी डॉक्टरकडे गेला असता. ते तुम्हाला कळू नये, याची व्यवस्था मी रोज संध्याकाळी केली. हे ऐकल्याशिवाय तुम्ही सही करू नये, म्हणून लिहिलं. गुरुवारी अकरा वाजता मी नोंदणी कचेरीच्या बाहेरच्या बाकावर असेन. आला नाहीत, तर किल्ल्या आत्याकडे आणून देईन. आलात, तर मला हाक मारा. तुम्ही पायऱ्या चढत असलात तरी आपण होऊन हात धरायला मी पुढे येणार नाही. तो हक्क मला आता उरला आहे का, हे मला माहीत नाही.

तुमचीच,
मास्तरीण