भिंगरीचा बोर्ड

दि. ४ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आडवं पडून लिहिते आहे, म्हणून ओळी उतरणीला लागल्या आहेत. मणक्याचं ऑपरेशन होऊन आज अठरा दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, अजून दोन महिने वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि बस चालवायचं तर नावच काढायचं नाही. अकरा वर्षं अख्खी बस वळवली, आणि आता कुशीवर वळायलाही यांना हाक मारावी लागते.

मुलींना तू नेलंस, फार मोठं काम केलंस. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला मोकळी. काल फोनवर भिंगरी म्हणाली, मावशी वेणी घालते ती दुखत नाही. सात वर्षं मी घातलेल्या वेण्या दुखत होत्या, हे मला कालच कळलं. मुंगीने तर फोन हातात घेतलाच नाही; तिला म्हणे पाण्यात जायचं होतं. पाच वर्षांच्या पोरीला आईपेक्षा समुद्राची घाई!

तू दोघींना लाटांवर उभं राहायला शिकवणार आहेस असं ऐकलं. शिकव. पण सर्फबोर्ड माझा. पडल्या पडल्या चित्रं बघून मी तो निवडला, आणि यांनी दोन लिफ्टची दुरुस्ती उद्यावर ढकलून आणला. गुलाबी, चकचकीत, वर पांढरी फुलं. पार्सल निघालं आहे. आईने पाठवला म्हणून सांग, विसरू नकोस.

लोभ आहेच, त्यातला थोडा मुलींपर्यंत पोचता कर.
तुझी,
ताई


दि. १२ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बोर्ड पोचला. मुली त्याच्याभोवती नाचल्या, मुंगीने फुलांचे पापे घेतले. आईने पाठवला हे त्यांना तीनदा सांगितलं, चौथ्यांदा शेजारणीलाही सांगून आले.

आता रागावू नकोस. दहा वर्षं मी इथल्या सर्फबोर्डांच्या दुकानात मोडके बोर्ड सांधते आहे, तेव्हा एवढं बोलू दे. तुझा बोर्ड मुरलेल्या माणसाचा आहे. कडक, अरुंद, पुढे चोच, आणि खालची पाती सुरीसारखी. नवशिकी पोरं एकतर बोर्डावर पडतात, नाहीतर बोर्ड त्यांच्यावर पडतो. म्हणून त्यांना फोमचा, मऊ लागतो. मुलीच्या उंचीपेक्षा फूट-दोन फूट लांब, रुंद आणि जाड, म्हणजे डुगडुगत नाही. वरून खरखरीत, म्हणजे पाय सटकत नाही. पाती हाताने वाकतील अशी. दुकानात एक निळा आहे, सहा फुटांचा. परवा भिंगरीला त्यावर पालथी झोपवून पाहिलं, अगदी मापाचा. मुंगीला त्याच्यावर नुसतं तरंगता येईल. तुझा गुलाबी भिंतीवर टांगू, शोभेचा.

वेणीचं वाचून खूप हसले. तुला बरं आहे, रुसायला दोन मुली आहेत. मला इथे रुसायचं तर भिंतीवर रुसावं लागतं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
धाकटी


दि. १८ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

भिंतीवर टांगू, शोभेचा, हे वाक्य मी सहा वेळा वाचलं. मीही सध्या तशीच आहे, फक्त भिंतीऐवजी गादीवर.

मला वाटलं होतं, निदान एक वस्तू माझ्या हातची त्यांच्या पायाखाली असेल. तेही तुला बघवलं नाही. लहानपणापासून तुझं हेच. माझी मैत्रीण घरी यायची आणि जाईपर्यंत तुझी झालेली असायची. मैत्रिणी तुला दिल्या. मुली देणार नाही. माझ्या बोर्डावर शिकव, नाहीतर शिकवूच नकोस.

हे पत्र टाकू नको म्हणून यांनी दोनदा सांगितलं. टाकते आहे.
ताई


दि. २७ एप्रिल

ती. ताईस,
सा. न.

फोनवर भावोजींना सांगितलं तेवढं तुला कळलंच आहे. भिंगरीच्या भुवईवर तीन टाके. डोळ्याला काही झालेलं नाही, डॉक्टरीणबाईंनी नीट तपासला. ती जेवते, खेळते. पाण्याजवळ मात्र जात नाही.

फोनवर सांगता आलं नाही ते लिहिते. तुझं पत्र वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुझा बोर्ड खाली उतरवला आणि मुलींना म्हटलं, चला, आईची आज्ञा आहे. मुंगीला वाळूत बसवलं. पाणी माझ्या मांडीपर्यंत, लाट गुडघ्याएवढी. हा बोर्ड तिला फेकणार हे मला पक्कं ठाऊक होतं. मी धरू शकले असते. ताई, मी हात सोडला. वाटलं, एकदा दणकून पडू दे, मग आपणहून माझा निळा मागेल. ती पडली, बोर्ड गर्रकन फिरला आणि पातं लागलं.

दवाखान्यात नर्सने विचारलं, तुम्ही आई का? मी हो म्हणाले. का म्हणाले ते माहीत नाही. नाही, हे आत्ता खोटं लिहिलं, का म्हणाले ते माहीत आहे. एकदा म्हणून बघायचं होतं. टाके घालताना भिंगरी माझ्या मांडीवर होती, माझं बोट तिच्या मुठीत होतं, आणि आई पाहिजे, आई पाहिजे म्हणून तिने असा टाहो फोडला की नर्स माझ्याकडे बघायला लागली. मी फरशीकडे बघत राहिले.

भावोजी न्यायला कधी येणार ते कळव. मुलींचं सामान बांधून ठेवते.

लोभ असू दे असं लिहायला हात धजत नाही.
धाकटी


दि. ३ मे

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. यांनी तर पिशवी भरून दारात ठेवली होती. मीच थांबवलं.

का, ते फक्त तुला सांगते. आई पाहिजे म्हणून ती रडली, ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. माझ्या पोरीला टाके पडले होते आणि मला आनंद होत होता. खरा, पोटातून आनंद. मग पत्र घडी करून उशीखाली सरकवलं. तू हात सोडलास हे खरं. पण बोर्ड मी पाठवला, आणि तू सांगितल्यावरही हट्ट मीच धरला. पोरीला आपण दोघींनी मिळून जखम केली. मी तुला माफ केलं असं लिहीत नाही, कारण मग तूही मला करायला हवंस, आणि ती घासाघीस मला नको.

सामान सोड. डॉक्टरांनी एक जूनपासून प्रवासाची परवानगी दिली आहे. आम्ही येतो. बोर्ड मुलींना घेऊन दुकानातूनच आणू. तोवर पाणी घोट्यापर्यंत, त्याच्या वर नाही. आणि भिंगरीला सांग, आईची वेणी दुखते खरी, पण घट्ट असते म्हणून टिकते.

राग आहे, लोभही आहे. दोन्हीची पोच दे.
तुझी,
ताई


दि. १४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सगळे सुखरूप पोचलात, बरं वाटलं. घर फार मोठं झालंय. म्हणून तुला ठाऊक असलेलंच लिहीत बसले आहे.

दुकानात तू प्रत्येक बोर्डात अंगठा रोवून पाहिलास, पाती वाकवलीस, पायाला बांधायचा पट्टा ओढून पाहिलास, आणि मालकाला विचारलंस की उन्हात वरचं आवरण फुगतं का. तुम्ही निघाल्यावर मालक म्हणाला, तुमची ताई या धंद्यातली दिसते. मला दहा वर्षांत तो असं काही बोललेला नाही. जळले मी. निळ्याकडे मुलींनी ढुंकूनही पाहिलं नाही हे वेगळंच. बेडकासारखा हिरवा घेतला!

पाण्यात तू वाकायचं नाही म्हणून खांबासारखी उभी, आणि मी बोर्डाचं शेपूट धरलेलं. मुंगीने चार फेऱ्या पालथ्या पालथ्या मारल्या. भिंगरी यायलाच तयार नव्हती. मग आली आणि पाच वेळा पडली. तिसऱ्यांदा बोर्ड तिच्या डोक्यावर आला तेव्हा आपण दोघी एकदम किंचाळलो, आणि ती हसत वर येऊन म्हणाली, लागलंच नाही. सहाव्यांदा उभी राहिली. आता माझ्याकडे बघेल, असं मी मनात म्हणत होते. तूही तेच म्हणत होतीस, तुझ्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिने मान वळवली नाही. सरळ काठापर्यंत गेली, उतरली, आणि पँट दुमडून कोरड्या वाळूत उभ्या असलेल्या भावोजींना मिठी मारून विचारलं, बाबा, पाहिलंत ना? ज्यांनी त्या दिवशी पाण्याला बोट लावलं नव्हतं, त्या भावोजींना! आणि ते असे फुशारले, जणू लाट त्यांनीच सोडली होती.

तू माझ्याकडे बघितलंस, मी तुझ्याकडे. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपण दोघी एकाच माणसावर जळत होतो. ताई, काय बरं वाटलं.

लोभ आहे तेवढा दोघींत सारखा वाटून घ्यावा, ही विनंती.
तुझी,
धाकटी