धोंडूची हजेरी

सोमवार, ६ फेब्रुवारी १९२२
आले बाई रत्नागिरीत! बुरोंडीपासून आगबोटीने आले, बंगला बघून शीण पळाला. कातळावर घर, खाली समुद्र, चूल ऐसपैस. मुंबईच्या एका दाक्तरांनी तो भाड्याने घेतलाय. समुद्रापार बसऱ्याच्या वाळवंटातल्या लढाईवरून परतलेले दोन शिपाई, रावजी नि बाबू, इथे ठेवलेत. अंगाला ओरखडा नाय, पण लढाई डोक्यातून जात नाय. ती कशी जाईल ते दाक्तर शोधतात नि वहीत लिहितात. माझं काम स्वैपाकाचं. बाबूच्या मिशा बघून विचारलं, या बांगड्याच्या शेपट्या नाकाखाली कोणी चिकटवल्या? तो हसला. रावजी नाय हसला.

बुधवार, ८
रोज दहाला ओट्यावर हजेरी. दाक्तर तुकडीची नऊ नावं वाचतात. दोघं हाजिर म्हणतात. सातजण तिकडेच मेले, त्यांच्या नावाला कोणी बोलत नाय. नाव ऐकून ऐकून भय झिजतं म्हणे. रावजीचं बरंच झिजलंय. अठरा तारखेला त्याची बायको सगुणा जयगडहून न्यायला येणार.

शुक्रवार, १०
ती रोजची मुकी तोंडं सोसवेनात. म्हटलं, जरा हसवू. मेलेल्यांतल्या धोंडूचं नाव आलं नि मी चुलीपुढून घोगऱ्या आवाजात ओरडले, हाजिर! कोणी हसलं नाय. जेवताना रावजीने धोंडूसाठी तिसरं पान मांडायला लावलं.

शनिवार, ११
बाबूने झापलं. गो बाय, ही काय मस्करी? धोंडू तहानेने मेला. मरताना पाणी मागत होता. रावजीकडे दोन घोट होते, ते त्याने स्वतःच प्याले. पलटणीत ज्याने हजेरी दिली त्याला पाणी द्यावंच लागतं, नि बदलीला दुसरा माणूस आल्याशिवाय पहारा सोडता येत नाय. रावजी धोंडूला पाणी द्यायला कळशी घेऊन ओट्यावर बसलाय. दाक्तर म्हणतात, असाच राहिला तर घरी कसा पाठवू?
माझ्या एका शब्दापायी सगुणेचा नवरा अडला.

सोमवार, १३
रावजीचे पाय धरले. सांगितलं, मी होते रे, मी. म्हणाला, पहिला आवाज तुझाच, मैनाबाय, तो काय ओळखू येत नाय? पण कालचा?
काल दहाला मी विहिरीवर होते. बाबूनेही ऐकला. दाक्तरांनी वही मिटली. हजेरी बंद.

बुधवार, १५
हजेरी बंद, तरी दहाला ओट्यावरून आवाज येतो, हाजिर. कळशी रिकामी होते. रावजीचे ओठ तर कोरडे.

शुक्रवार, १७
दमले. विहिरीच्या दहा खेपा. ओटा झाडला, वाळू निघाली. कातळावर वाळू कुठली?

शनिवार, १८
सगुणा आली. नवी पैरण शिवून आणली होती. हात जोडले, रडली. रावजी एवढंच म्हणाला, बदली कुठाय? बाबू मागे सरला. दाक्तर खाली बघत राहिले.
करणी माझी. कळशी मी घेतली. म्हटलं, आली बदली. ऊठ मेल्या, बायकोला किती वेळ ताटकळवणार?
रावजीने मला सलाम केला. हसला. दोघं फाटकातून गेली. त्याने वळून बघितलं नाय.

दुपार
पाणी पिणारा दिसत नाय. पाणी ओतते ते खाली पडत नाय. मनगटाला गार ओठ लागतात. उठू म्हटलं तर पाय सुटत नायत— बाबू पाणी ठेवतो नि पळतो. दाक्तर समोर बसून लिहितायत. आता माझं लिहितायत.

रविवार, १९
बाबू सकाळी विहिरीवर गेला तो आला नाय. कळशी कोरडी. पाणी नाय म्हटलं, धोंडू ऐकत नाय. माझ्या डाव्या हाताच्या बोटांनाच तोंड लावलंय—

दाक्तर विचारतात, बदलीला कोणाला बोलावू. कोणाचं नाव घेऊ मी? कोणाच्या लेकराचं?

नको म्हटलं.

सगुणा पोचली असेल जयगडला. चुलीवर भात— बरं झालं. बोटं वाळत चालली. आता अख्खा डावा हात मागतो. दिला. लिहायचा उजवा तेवढा नको म्हटलं तर—