पिवळा दिवा विझेपर्यंत

खडवली, ९ जानेवारी

प्रिय मेलरॉय,

तुमच्याकडे उणे अठरा आणि खडवलीत चौदा, तरी मम्मी दोन स्वेटर घालते म्हणून हसतोस, ते खुशाल हस. ठाण्याला होतो तेव्हा थंडी म्हणजे पंखा एकवर, एवढंच मलाही ठाऊक होतं. डॅडींनी रिटायर होऊन इथे नदीजवळ घर बांधलं आणि जानेवारी काय चीज असते ते कळलं. सकाळी साडेसहाला अंगणातली आपली गाडीसुद्धा धुक्यात दिसत नाही. फोनवर त्या गाडीचं नाव काढलं की लगेच तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून कागदावर लिहिते आहे. हे तरी शेवटपर्यंत वाच.

ती भंगारात दे, असं तू तीनदा सांगितलंस. देईन, पण आधी ऐकून घे. मला गाडी चालवता येत नाही, पण रोज सकाळी चालू करून दहा मिनिटं ठेवायची, नाहीतर बॅटरी उतरते, हे डॅडींनी माझ्याकडून घोटून घेतलं होतं. ते गेल्यावर वर्षभर मी ते नेमाने केलं. डिसेंबरात थंडी पडली आणि ती अडून बसली. किल्ली फिरवली की नुसती कण्हायची. कल्याणहून डॅडींचा जुना मेकॅनिक सुदेश आला. त्याने नवी बॅटरी बसवली, सेल्फ उघडून साफ केला, डिझेलचा फिल्टर बदलला, तरी तिचं रडगाणं चालूच. शेवटी त्याने इंजिन आतून गरम करणारे हीटर प्लग काढले. चारातले दोन जळलेले. म्हणाला, "आंटी, हे आजचे नाय, दोन-तीन वर्षं तरी झाली असतील. अंकलना माहीत असणार. ते थांबायचे ना सेल्फ मारायच्या आधी?"

थांबायचे रे. आठवतं ना? किल्ली अर्धी फिरवली की समोर तो वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागायचा. प्लग तापेपर्यंत तो विझत नाही, आणि तो विझेपर्यंत डॅडी सेल्फ मारू द्यायचे नाहीत. तेवढ्या वेळाला त्यांचं माप होतं नमो मारियाची एक प्रार्थना. रोझरीत म्हणतो तसंच, पहिला अर्धा भाग ते म्हणायचे, उरलेला गाडीतल्यांनी म्हणायचा. तू लहानपणी शर्यतीचा घोडा सुटल्यासारखा म्हणायचास आणि ते पुन्हा म्हणायला लावायचे. मी आपली समजत होते की माणूस देवभोळा आहे.

सुदेशने चारही प्लग नवे घातले, गाडी त्याच्या हातून एका झटक्यात चालू झाली आणि तो गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कण्हणं. आणि मागची डावी काच आतून धूसर झालेली, बशीएवढीच. बाकीच्या काचा स्वच्छ. गाडी रात्रभर कुलपात होती. सुदेश फोनवर म्हणाला की मॅट ओली असेल. मी मॅट काढून दोन दिवस गच्चीवर वाळवल्या. तिसऱ्या सकाळी डाग होताच. मागे बसलेल्या माणसाने काचेला डोकं टेकवलं तर त्याचं तोंड येईल, अगदी तिथे. मी बघत उभी राहिले तर तो डाग लहान होत होता, मोठा होत होता. घाबरले, खोटं कशाला सांगू? घरात येऊन चहा केला आणि दोन कपांत ओतला.

चौथ्या दिवशी धीर करून पुढे बसले. किल्ली अर्धी फिरवली. दिवा लागला आणि विझेचना. मी शंभरपर्यंत मोजलं. मग मागून आलं, आवाज म्हणावा असा नाही, नुसता श्वास, पण त्याची चाल मी चाळीस वर्षं ऐकलेली. नमो मारियात अर्ध्यावर जिथे थांबायचं तिथे तो थांबला. उरलेलं मी म्हटलं. दिवा विझला, सेल्फ मारला आणि गाडी लगेच चालू झाली. तेव्हापासून रोज असंच. एकदा खात्री करायला सुदेशला पुढे बसवलं. तो जेमतेम मिनिटभर बसला. "मागं कोण बसलंय, आंटी?" एवढंच बोलला आणि चहा न घेता निघून गेला. माझे फोनही उचलत नाही.

आता गेल्या जानेवारीतली ती सकाळ, डॅडींना दवाखान्यात न्यायला निघालो ती. तू पुढे, मी मागे, डॅडी त्याच काचेला टेकलेले, छातीवर हात. तू सात-आठ वेळा सेल्फ मारलास, बॅटरी बसली, आणि शेजारच्या गोपीनाथचा टेम्पो दारात येईपर्यंत सगळं संपलं होतं. आपल्या हाताने डॅडी गेले, हे मनात घेऊन तू इतक्या लांब जाऊन बसलास. मेलरॉय, तुझा हात नव्हता तो. डॅडींनी नमो मारिया सुरू केलं होतं. ते तुला थांब म्हणत होते. मला ऐकू येत होतं. मला वाटलं, मरणाची प्रार्थना म्हणताहेत. ते मला सोसवलं नाही. मी त्यांच्या तोंडावर हात दाबला आणि तुझ्यावर ओरडले, मार, अजून मार. वर्षभर हे मी कोणाला सांगितलं नाही, फादरनासुद्धा नाही.

बावीस दिवस मी उत्तर देते आहे, गाडी चालू होते, पण दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा तिथेच. त्यांनी सुरुवात तुझ्यासाठी केली होती, उत्तरही तुझंच हवं असणार. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. तरी लिहिलं नाही, कारण तू उत्तर दिलंस तर ते जातील, आणि मला ते हवे आहेत, श्वासापुरते का होईना. पण हे बरोबर नाही. फेब्रुवारीत थंडी सरते, त्याआधी ये. पुढे बस, किल्ली अर्धी फिरव आणि थांब. मी मागे त्यांच्याजवळ बसेन. या वेळी हात ठेवीन तो माझ्याच तोंडावर.

तुझीच,
मम्मी