हिरव्या शर्टाची मापे

३ नोव्हेंबर

शाळेच्या निबंधांपलीकडे काहीही न लिहिलेल्या मुलीने रोजनिशी मांडावी, हे धारिष्ट्यच आहे. ही पाने कुणाच्या हाती पडलीच, तर त्यांनी मोठ्या मनाने क्षमा करावी.

आज मावशीकडे राहायला आले. पुढे काकांचे शिवणकामाचे दुकान, मागे दोन खोल्या, मध्ये फुलाफुलांचा पडदा. कॉलेजचे वर्ग सुरू होईपर्यंत मी बटणांसाठी काजे करायची, असे ठरले आहे. माझे पहिलेच काज पाहून मावशी म्हणाली, "शाळेत पहिली, काजात शेवटची!" काका गालातल्या गालात हसले. आयुष्यभर मशीनवर वाकून त्यांचा डावा खांदा उजव्याहून दोन बोटे खाली उतरला आहे. स्वतःचा शर्ट ते स्वतःच बेततात, कारण तयार शर्ट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. मला हे घर फार आवडले.

८ नोव्हेंबर

पुलापलीकडे सैन्याची छावणी आहे. तिथला एक अधिकारी दुकानात आला की काकांच्या खुर्चीवर बसतो, चहा मागतो आणि पैसे न देता उठतो. मावशीने त्याचे नाव 'जावई' ठेवले आहे. अर्थात ते पडद्याआडच घेतले जाते. आज त्याने जाडसर हिरवे कापड टेबलावर टाकले आणि शर्टाची मापे तोंडी सांगितली. डावी बाही चार बोटे आखूड हवी होती. घालून बघायला त्या गृहस्थांना एकदा पाठवा, असे काकांनी अदबीने सुचवले. त्यावर तो खो खो हसला. म्हणाला, "मास्तर, तो एकदा घातला, की पुन्हा काढायचा नाही!" मलाही हसू आले. विनोद कळला नव्हता, तरीही.

१३ नोव्हेंबर

शर्ट गेला. माझी काजे या वेळी बरी जमली. फक्त शेवटचे किंचित तिरके गेले.

गिरणीवाल्याला सैनिकांनी पुलावरून उचलून नेल्याचे दूधवाल्या आजी सांगत होत्या. गिरणीच्या पट्ट्यात सापडून त्याचा डावा हात आखडलेला आहे. अशा माणसाशी सैन्याचे काय काम, हे त्यांना कळेना. त्याची बायको छावणीच्या फाटकाशी गेली, तर असा कुणी इथे आणलेलाच नाही, असे सांगून तिला हाकलून दिले.

काका जेवले नाहीत.

१६ नोव्हेंबर

वर्तमानपत्रात छायाचित्र आले आहे. चकमकीत बंडखोर ठार. हिरवा शर्ट, आखडलेल्या मनगटावर नेमकी थांबणारी डावी बाही. शेवटचे काज तिरके.

ते मी केले आहे.

काकांनी सारे सांगितले. पूर्वी बंडखोर ठरवून मारलेल्यांच्या अंगावरचे हिरवे कपडे ढगळ दिसत, दुसऱ्या कुणाचे तरी चढवल्यासारखे. एका बातमीदाराने तसे विचारलेही. तेव्हापासून मापे काकांकडे येतात. तुम्ही नकार का देत नाही, असे मी विचारले. मावशी म्हणाली, "समोरच्या शिंप्यानं दिला होता."

समोरचे दुकान बंद असते. मला वाटले होते, त्याचा धंदा बसला असेल.

१८ नोव्हेंबर

काका गिरणीवाल्याच्या बायकोकडे गेले आणि तो शर्ट आपणच शिवल्याचे तिला सांगून आले. ती भर दुपारी फाटकाशी जाऊन ओरडली. शर्ट तुम्हीच शिवून घेतलात, असे काकांचे नाव घेऊन ओरडली. "अहो, आपल्याच हातानं पायावर धोंडा पाडून घेतलात की!" मावशी म्हणाली. काका एवढेच म्हणाले, की घास घशाखाली उतरत नव्हता.

२१ नोव्हेंबर

जावई आला. चहा नको म्हणाला. काकांच्या मागे उभा राहून, त्यांच्या पाठीवर वीत टाकत, हसत हसत त्याने मापे सांगितली. डावा खांदा दोन बोटे खाली. परवा दुपारी चारला तयार हवा.

काकांनी कापड बेतले. डाव्या खांद्याची रेघ दोन बोटे खाली ओढली.

दाराशी दोन सैनिक बसवले आहेत. पुलावरही सैनिकच. पळायचे तरी कुठे —

२२ नोव्हेंबर

काजे माझ्याकडे आली. पुरुषांच्या शर्टाला काजे डाव्या बाजूला असतात, बायकांच्या उजव्या. मी उजव्या बाजूला केली. सगळी. आज पहिल्यांदा एकही तिरके गेले नाही.

जावयाला आधीच दिसले, तर पुढचे भाग नव्याने बेतावे लागतील. काकांना एक दिवस मिळेल. नाही दिसले, तर छायाचित्रात दिसेल. कुणीतरी विचारील, की बंडखोर पुरुषाच्या अंगात बायकी शर्ट —

संपादक महाशय, ते छायाचित्र तुमच्याच पत्रात येईल. तुम्ही विचाराल ना? ही पाने दूधवाल्या आजी तुमच्या कचेरीत पोहोचवतील. मागच्या खिडकीशी त्या —

२३ नोव्हेंबर

तो आला. शर्ट काकांच्या अंगावर इथेच चढवला. झकास बसला म्हणतो. बटणे स्वतः लावतो आहे. मी पडद्याआड.

बोटे चाचपडताहेत —

थांबला.

काका म्हणाले, चूक माझी, काजे मीच केली.

तो हसत नाही. काकांना बाहेर ओढताहेत, तसेच, उघड्या शर्टानिशी — मावशी आडवी पडली दारात —

आता तिला विचारतो आहे, पोरीचं माप काय —

आजींचा हात खिडकीतून आत आला आहे. पाने देते. २३ नोव्हेंबर, दुपारी चार वाजून सात मिनि