गाडीत बसणाऱ्यांचा विमा

ती. चुडामणदादांस,
धाकट्याचा नमस्कार.

चेतनाची पाठवणी माझ्याच गाडीतून होणार, असं तुम्ही कोरीट गावभर सांगून बसलात. परवा फोनवर मी म्हणालो, गाडी गॅरेजला आहे. खोटं बोललो. ती नंदुरबारला माझ्या दारातच उभी आहे.

तिचा विमा संपला होता. ट्रॅक्टरच्या शोरूमने मला काढलं त्याला सात महिने झाले, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. म्हणून एजंट धर्मेंद्रकडून सगळ्यात स्वस्त पॉलिसी घेतली. माझी सही झाल्यावर तो गोड हसून म्हणाला, "भाऊ, रस्तावरना माणूसले भरपाई शे, गाडीमा बसनारासले नही. तुमले स्वस्तच पाहिजे व्हतं ना?"

म्हणजे मी कुणाला उडवलं तर त्या अनोळखी माणसाची सोय झाली आणि मागे बसलेली पुतणी देवाच्या भरवशावर! या धंद्याची शिसारी येते, दादा. पण सही माझी, त्यामुळे शिव्याही मोकळेपणी देता येत नाहीत.

काल चेतनाचा फोन आला. "काका, बंद पडनी तर वऱ्हाडी धक्का मारतीन, पन माले तुन्हीच गाडी पाहिजे."

पोर माझ्या थापेलाही धक्का मारायला तयार आहे!

हे पत्र टाकत नाही. ते पोचेपर्यंत पाठवणी होऊन गेलेली असेल. उद्या सकाळच्या एस्टीने येतो, सगळं तोंडावर सांगतो, मग दोघं मिळून दुसरी गाडी बघू. तुम्हाला बोलायचं ते चारचौघांत बोला. फक्त चेतनासमोर नको.

तुमचा बेकार भाऊ,
भटू