एक नंबरचा मालक

प्रिय एक नंबर,

तुझा मेसेज पोचला. मोठं घर मिळालं, मागे अंगण आहे, कुंपण आहे, नवा पट्टासुद्धा आणून ठेवलायस आणि पुढच्या महिन्यात येऊन भुऱ्याला घेऊन जाणार आहेस. आईने शेजारीपाजारी सांगूनही टाकलं. भुऱ्या कसा आहे, हे तू गेल्यापासून पहिल्यांदा विचारलंस, म्हणून सांगते. भुऱ्या ठणठणीत आहे. खातो-पितो, अंगावर तुकतुकी आहे. एवढं मेसेजमध्येही मावलं असतं, पण मेसेज तू कसे वाचतोस ते मला आता कळलंय. म्हणून हातानं लिहितेय. आधी तुझ्याच धंद्यातलं थोडं वाच आणि मधली पानं गाळू नकोस, ती तुझी जुनी खोड आहे.

माझ्या दवाखान्याचा प्रोग्राम लिहिलास तेव्हा पहिला मालक म्हणून तू स्वतःलाच नोंदवलंस, तुझा कुत्रा म्हणून भुऱ्याला, आठवतंय? कॉम्प्युटरने तुला एक नंबर दिला आणि तू खुर्चीतून उठून नाचलास. तेव्हा तुझं सगळंच एक नंबर असायचं, चहा एक नंबर, प्रोग्राम एक नंबर, ताई एक नंबर. मग मीच ते नाव तुला चिकटवलं. मी पडले जनावरांची डॉक्टर, मला काय कळणार, अशा थाटात तू मला समजावलं होतंस. मालकांचा एक तक्ता, जनावरांचा दुसरा. मालक नोंदवला की कॉम्प्युटर आपणहून त्याला नंबर देतो, आपण द्यायचा नसतो. तो नंबर मग त्याच्या जनावरापुढे लिहायचा. जनावर कुणाचं, हे कॉम्प्युटरला तेवढ्या एका आकड्यावरून कळतं. मी म्हणाले होते, की त्यापेक्षा कुत्र्यालाच विचारलेलं काय वाईट. तू पोट धरून हसला होतास.

मग मी चौकातला तो दुसरा दवाखाना विकत घेतला. तिथला कॉम्प्युटरही एकापासूनच मोजत आलेला. आपल्याकडे एक नंबर तू, त्यांच्याकडे एक नंबर शिंपीकाका, कारण काकांचं दुकान अगदी समोर आणि दवाखाना उघडला त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक तेच. दोन्हीकडचं एकत्र करायचं काम तुझ्यावर सोपवलं. तुझ्या विमानाची तारीख जवळ आली होती आणि रोज कुणीतरी मित्र तुला निरोपाचं जेवण देत होता. तिकडच्या मालकांना आपल्या तक्त्यात घेताना कॉम्प्युटरने त्यांना नवे नंबर दिले. ते बरोबरच होतं, त्यांचे जुने नंबर आपल्याकडे आधीच कुणाकुणाचे होते. पण त्यांच्या जनावरांपुढे जुनेच आकडे राहिले. कुठला जुना नंबर कुठला नवा झाला याच्या जोड्या लावायच्या आणि जनावरांपुढचेही आकडे बदलायचे, एवढंच काम उरलं होतं, आणि तेवढंच तू केलं नाहीस. मी विचारलं होतं, सगळं जुळलंय ना नीट. तू बॅग भरता भरता म्हणालास, की ताई, एक नंबर झालंय. खोटं नाही बोललास. शिंपीकाकांची कुत्री एक नंबरचीच झाली होती.

मखमल तिचं नाव. जन्मभर काकांच्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत झोपलेली, काकांना दुसरं कुणी नाही. तिची मूत्रपिंडं गेली तेव्हा मी आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनमध्ये अडकले होते आणि दवाखान्यात बदली डॉक्टर होता. काका तिला त्याच्याकडे ठेवून गेले. जाताना सांगून गेले, की तिची वेळ आली तर मला बोलवा, मी मांडीवर घेईन, परक्यांत जाऊ देऊ नका. त्याने मान डोलावली. मग तिला फारच त्रास व्हायला लागला, शेवटचं इंजेक्शन द्यावं लागणार असं दिसलं, तेव्हा त्याने मालकाची परवानगी मागायचं बटण दाबलं. तेही तूच केलेलं. मालकाच्या फोनवर निरोप जातो, आपल्या प्राण्याला वेदनेतून सोडवण्याची परवानगी आहे का, हो किंवा नाही. प्राण्याचं नाव निरोपात घालायचं तुला सुचलं नव्हतं. मखमलपुढे आकडा होता एक. निरोप तुझ्याकडे आला आणि तू हो दाबलंस. डॉक्टर हात धूत होता, तेवढ्यात उत्तर आलं. काकांचा विचार बदलला असेल असं समजून त्याने इंजेक्शन दिलं. त्याला जे बोलायचं ते मी बोलले, तो आता आपल्याकडे नाही.

दुपारी काका आले. तिची चादर धुऊन, इस्त्री करून आणली होती. तुम्हीच तर हो म्हणालात, असं डॉक्टर म्हणाला. म्हाताऱ्याला वाटलं, आपणच विसरलो. बाकावर बसून स्वतःचा फोन चाळत राहिला, आपण हो कधी म्हटलं ते शोधत. मी पोचले तेव्हाही शोधतच होता.

तू हो का दाबलंस याचा मी पुष्कळ विचार केलाय. एक तर तुला प्रोग्रामची चाचणी वाटली, स्वतःच्या नावावर चाचण्या करायची तुझी सवयच आहे. नाहीतर तुला वाटलं, निरोप भुऱ्याबद्दल आहे, आणि तरीही तू हो दाबलंस. त्यानंतरच्या रविवारी तुझा फोन आला होता. ऑफिसातली नवी खुर्ची किती मागे झुकते ते तू बराच वेळ सांगत होतास. भुऱ्याचं नाव तू काढतोस का, याची मी वाट पाहिली. आई डोळ्याला पट्टी असताना शेजारून खुणावत होती, की तो तिकडे एकटा आहे, त्याला काही सांगू नकोस. लहानपणापासून हेच चाललंय, तू फोडायचंस आणि तुझी झोप मोडू नये म्हणून आम्ही पाय न वाजवता काचा गोळा करायच्या. मला तुझा राग आलाय आणि तो कमी झालेला नाही. तुला चाचणी वाटली असंच मी धरून चालते. दुसरं धरलं तर वर प्रिय लिहिता येणार नाही.

जनावरांपुढचे आकडे मीच शिकून दुरुस्त केले, मखमलचाही केला, मेल्यावर. मग अधूनमधून काकांकडे जात राहिले, भुऱ्याला घेऊन, म्हणजे त्याचं फिरणंही होई. हो तुझ्या फोनवरून आला होता हे मी काकांना सांगितलं होतं, तरी ते तुझ्याबद्दल फक्त एकदा बोलले. त्या साहेबांनी मखमलला कधी पाहिलं होतं का, असं विचारलं. एक दिवस भुऱ्या शिलाई मशीनखाली चिंध्यांत जाऊन आडवा झाला आणि निघताना हाक मारली तरी उठेना. काकांनी त्याला हात लावला नाही, नुसते पाय आवरून घेतले, त्याला जागा व्हावी म्हणून. मी पट्टा तिथल्या खुंटीला अडकवला आणि घरी आले. वाटभर रडले, माझाही जीव होता त्याच्यावर. दुसऱ्या दिवशी भुऱ्यापुढचा एक काढून तिथे काकांचा नंबर घातला आणि नीट बसला की नाही ते दोन्ही तक्त्यांत तपासलं. भुऱ्या आता तुझा नाही, हे कळवायला हे पत्र. आई म्हणते, निदान त्याला विचारायचं तरी होतंस. निरोप पाठवला असता तर तू हो दाबलंच असतंस. एक नंबर तुझाच राहील, कॉम्प्युटर तो दुसऱ्या कुणाला देत नाही, फक्त त्या पानावर आता एकही जनावर नाही. पुढच्या महिन्यात जरूर ये, आई तुझ्यासाठी डोळे लावून बसली आहे. पट्टा आणू नकोस. चौकातून जायची वेळ आली तर पलीकडच्या बाजूने जा. भुऱ्या तुझा वास अजून ओळखेल, आणि मला ते नको आहे.

तुझीच,
ताई